तांदळात लिहिलेलं नाव

मंदाचं नाव बदलायचं ठरलंय, हे बारशाच्या दिवशी टिपणीसांच्या घरात मंदा सोडून सगळ्यांना माहीत होतं.

कुमुदिनीला तर आठवडाभर आधीच कळलं होतं. तिचा धाकटा भाऊ श्रीपाद एका संध्याकाळी ऑफिसातून अंबरनाथला घरी न जाता परस्पर उल्हासनगरला आला. कॅम्प पाचमधल्या तिच्या सासरच्या चेन-बटणांच्या दुकानात तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं आणि कुमुदिनीचे यजमान माल आणायला मुंबईला गेले होते. श्रीपादनं स्टूल ओढून घेतलं, पाणी प्यायला आणि बराच वेळ काउंटरवरचा पितळी बटणांचा डबा नुसता हलवत बसला.

"ताई, बारशाला तू आत्या," तो शेवटी म्हणाला. "बाळाच्या कानात नाव तूच सांगणार."

"मी नाही तर कोण? पण ठरलं का तुमचं काही?"

"बाळाचं मंदा ठरवतेय. मी दुसऱ्याच नावाचं बोलतोय."

मग त्यानं सांगितलं. जूनमध्ये तो आणि मंदा मधूला घेऊन एका शाळेत गेले होते. मधू त्यांचा थोरला, सात वर्षांचा. चालायला उशिरा लागला आणि बोलायचं तर जवळजवळ राहूनच गेलं. मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर 'मतिमंद' असं लिहून दिलं होतं. तरी एखादी शाळा घेईल, निदान बसू तरी देईल, अशी मंदाची आशा. मुख्याध्यापकांनी माहिती लिहून घेता घेता आईचं नाव विचारलं.

"मी म्हणालो, मंदा. त्यांनी पेन थांबवलं. मधूकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं आणि हसून म्हणाले, नावातच आहे की हो."

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही."

"आणि मंदा?"

"ती म्हणाली, पूर्ण नाव मंदाकिनी, तसं लिहा. प्रवेश नाहीच मिळाला. येताना रिक्षात ती मधूला रस्त्यावरच्या म्हशी दाखवत होती. तिला ते लागलं की कळलंच नाही, मला काही समजेना. पण माझ्या डोक्यातून ते हसू जात नाही ताई."

यावरचा उपाय शालनमावशीनं काढला होता. शालनमावशी त्यांच्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर तिन्ही भावंडांचं सगळं तिनंच पाहिलं, म्हणून तिचा शब्द घरात खाली पडत नसे. बदलापूरच्या कुण्या गुरुजींना तिनं विचारलं होतं. लग्नात सुनेचं नाव बदलायचं राहून गेलं, ते आता बारशाच्या मुहूर्तावर करून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं. नावही त्यांनीच दिलं होतं, मेघना.

"आत्यानं बाळाचं नाव सांगितलं की लगेच आईचंही सांगायचं. चारचौघांत. म्हणजे विषय मिटला," श्रीपाद म्हणाला. "मी बोललो तर ती ऐकणार नाही. तुझं ऐकेल."

कुमुदिनी 'बघते' म्हणाली. पण मनातून तिला ते पटलंच होतं.

लग्नातला तो प्रसंग तिला स्वच्छ आठवत होता. शहात्तर साल. ताटात तांदूळ पसरलेले, श्रीपादच्या हातात सोन्याची अंगठी, आणि गुरुजी विचारतायत, नाव कोणतं लिहायचं. थोरल्या सुनेच्या वेळी आईनं अगोदरच ठरवून ठेवलं होतं. या वेळी आई नव्हती. सगळ्यांनी अण्णांकडे, म्हणजे विष्णुपंतांकडे पाहिलं. अण्णा ऑर्डनन्स फॅक्टरीत ड्रॉइंगच्या खात्यात होते. उभा जन्म रेघा मारण्यात गेलेला. भाषेतही ते तसेच, एकेक शब्द मोजून मापून टाकणारे. ते म्हणाले, "मंदाकिनीच लिही. मंद म्हणजे समईचा उजेड. डोळ्याला खुपत नाही आणि रात्रभर पुरतो. याहून चांगलं नाव मला काही सुचायचं नाही." मांडवातल्या बायका कौतुकानं हसल्या. तेव्हा मंद म्हटलं की कुणालाही वारा आठवायचा, मोगऱ्याचा वास आठवायचा.

मग मधू झाला आणि डॉक्टरांचा तो कागद आला. त्याच सुमाराला असल्या मुलांविषयी वर्तमानपत्रांतून छापून यायला लागलं, कुठे कुठे शाळांच्या पाट्या लागल्या. 'मतिमंद' हा शब्द आधी ऐकून माहीत होता, आता तो गल्लीत आला. गल्लीतल्या पोरांना एवढा लांबलचक शब्द कशाला हवाय? त्यांनी पुढचं 'मति' टाकून दिलं. मधू ओट्यावर उभा राहिला की रस्त्यावरून हाक यायची, "ए मंद." आणि मागून त्याची आई बाहेर आली की पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची.

दुकानाच्या बाजूला तर त्या शब्दाची आणखीनच वेगळी तऱ्हा. कॅम्प पाचमध्ये दिवसभर हिंदी नि सिंधी कानावर पडायचं, आणि बाजार बसला की जो तो "मंदा है, मंदा है" करायचा. एकदा सकाळी मंदा मधूला घेऊन दुकानात आली होती. कुमुदिनीनं आतून मोठ्यानं विचारलं, "मंदा आली का?" शेजारचे कापडवाले शेठ गादीवरून हात जोडत म्हणाले, "भाभी, बोहनी के टाइम पे मंदा को मत बुलाओ." सगळे हसले. कुमुदिनीही हसली होती. मंदाही. तेव्हा काही वाटलं नव्हतं. श्रीपाद उठून गेल्यावर मात्र तिला वाटलं, इतक्या जणांनी इतक्या बाजूंनी ज्याची ओढाताण केली, ते नाव अंगावर वागवायचं तरी कशाला? नवं लुगडं नेसावं तसं नवं नाव घ्यावं नि मोकळं व्हावं.

*

बारशाच्या दिवशी ती जेवणं आटोपल्यावर अंबरनाथला पोचली. घर शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खाली अण्णा आणि श्रीपाद, वर थोरला भाऊ शरदचंद्र आणि त्याची बायको मालिनी. शरदचंद्रची फॅक्टरीत दुसरी पाळी होती, तो बारशाला नसणार हे ठरलेलंच होतं.

रिक्षातून उतरली तर ओट्यावर मंदा. ज्या बाईच्या बाळाचं आज बारसं, ती सव्वा महिन्याची ओली बाळंतीण जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर मधू आणि पालेगावची एक मुलगी. मुलीची आई सखू बाजूला उकिडवी बसून लक्ष देऊन बघत होती. मंदानं स्वतःचे गाल फुगवले, ओठ मिटले आणि फू करून समोरचा कापसाचा बोळा उडवला. मधूनंही उडवला. मुलीला जमेना. मंदानं पुन्हा केलं. पुन्हा जमेना. मंदानं परत गाल फुगवले, आणि तिच्या चेहऱ्यावर अशी काही उत्सुकता होती की जणू हे ती पहिल्यांदाच करून बघतेय.

"अगं, आज तरी," कुमुदिनी म्हणाली.

"या वन्सं. झालंच. ओठांत जोर आला की प, ब, म यायला लागतात." मंदा हसली. "ह्या एवढ्या लांबून चालत आल्या, परत कसं पाठवू?"

सखू पदर सावरत उठली. "आमच्या पोरीला कुनी हात लावत नव्हतं बाय," ती कुमुदिनीला म्हणाली. "आता आमच्या आलीत सगल्यांना म्हाईत झालंय, मंदाताईंकडं न्यायचं."

दोन वर्षं मंदा दर आठवड्याला मधूला घेऊन मुंबईला एका बाईंकडे शिकायला जात होती, हे कुमुदिनीला ठाऊक होतं. त्यातून हे असं काही उगवलं असेल, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं.

मधूनं तिला ओळखलं. त्यानं तिच्या हातातली पिशवी ओढली, आत डोकावला, मग मागे वळून खणखणीत आवाजात म्हणाला, "मंदा."

त्याला तेवढंच येत होतं. अण्णा दिवसभर सुनेला 'मंदा, चहा दे', 'मंदा, चष्मा कुठाय' करत, ते ऐकून ऐकून पाच वर्षांचा झाल्यावर एक दिवस त्यानं तो शब्द उचलला होता. आईला नावानं हाक मारतो म्हणून नातेवाईक नाक मुरडत. मंदा कधी त्याला सुधारायला गेली नाही.

*

पाहुण्या बायका पाचला येणार होत्या. पाळण्याला झेंडूच्या माळा लागल्या होत्या. स्वयंपाकघरात मालिनी घुगऱ्या परतत होती. दोघी जावांत गेल्या वर्षापासून बोलणं कामापुरतंच होतं. मालिनीचा मुलगा दहावीला बसला होता, मधूच्या ओरडण्यानं त्याचा अभ्यास होत नाही, त्याला वर पाठवू नकोस, असं मालिनी म्हणाली होती. त्यानंतर मधू जिन्याची पायरी चढला नव्हता.

शालनमावशीनं माजघरात सगळ्यांना गोळा केलं. अण्णा झोपाळ्यावर, श्रीपाद दाराशी, मालिनी झारा हातात घेऊनच आली. मंदा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मधू तिच्या पाठीला पाठ लावून.

कुमुदिनीला वाटलं होतं, आपण मंदाला आधी बाजूला घेऊन समजावू. पण मावशीला धीर नव्हता.

"हे बघ मंदा, राग मानू नकोस," मावशी म्हणाली. "सगळ्यांच्या विचारानं ठरलंय. आज बाळाबरोबर तुझंही नाव ठेवून घेऊ. मेघना. लग्नात राहिलेली गोष्ट आहे, त्यात वावगं काही नाही."

मंदानं वर पाहिलं. "सगळ्यांच्या म्हणजे?"

 तिनं एकेकाकडे पाहिलं. श्रीपाद खाली बघत होता. कुमुदिनीनं नजर चुकवली आणि चुकवताना तिला स्वतःचीच शरम वाटली.

"अगं, नावाचा परिणाम असतो," मावशी पुढे म्हणाली. "दिवसरात्र मंद, मंद, मंद. पोटातल्या जिवाच्या कानावर तेच पडलं. मुलीच्या बाबतीत तरी जपायला नको?"

कुमुदिनीला वाटलं, आता अण्णा बोलतील. ते नाव त्यांनीच राखलं होतं. समईचा उजेड म्हणाले होते. पण अण्णांनी पायानं झोपाळा थांबवला आणि थकल्या आवाजात म्हणाले, "मावशी म्हणते ते करून टाक बाळ. तेव्हा मी नको तेवढा शहाणपणा केला. शब्द आपल्या हातात राहत नाहीत. मी एक अर्थ धरून बसलो, लोक दुसराच काढतात. परवा वाण्याकडे कुणीतरी माझ्या कानावर जाईल असं बोललं. मीच ठेवलं होतं, मीच मागे घेतो."

मंदाचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पडला. बाकी कुणीही म्हणालं असतं तर तिनं सोसलं असतं, असं कुमुदिनीला वाटलं. अण्णांनी म्हणायला नको होतं.

"मला एक बोलायचंय," मालिनी म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, ही आता मावशीच्याच बाजूनं बोलणार. मालिनीनं झारा खाली ठेवला.

"माझं नाव अंजना होतं," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणाला आठवतंय?"

कुमुदिनीला आठवत नव्हतं. वहिनी या घरात मालिनी म्हणूनच आली होती. त्यापूर्वीही ती कुणीतरी होती, असा विचारच तिच्या मनात कधी आला नव्हता.

"मला कुणी विचारलं नाही. ताटात नाव वाचलं तेव्हा मला कळलं मी कोण ते. पहिलं वर्षभर आई खालून मालिनी, मालिनी अशा हाका मारायच्या आणि मी वर आपली गप्प. त्यांना वाटायचं, सून उद्धट आहे. उद्धट नव्हते. मला ती हाक माझी आहे हे लक्षातच यायचं नाही. माझी आई होती तोवर अंजना म्हणणारं एक माणूस होतं. ती गेली, संपलं." तिनं पदरानं हात पुसले. "हिचं माझं पटत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण हिला विचारल्याशिवाय काही करू नका."

"विचारतोच आहोत की," मावशी म्हणाली.

"विचारत नाही आहात. सांगताय."

मावशीचा चेहरा रागानं लाल झाला. "मी काय हिची वैरीण आहे? हिच्यासाठी बदलापूरला खेटे घातले ते काय मला हौस म्हणून?"

"मावशी, तुम्ही माझ्यासाठीच केलंत, मला ठाऊक आहे," मंदा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, खालच्या पट्टीतला. "नाव बदलायला माझी ना नाही. मेघना चांगलं नाव आहे. तुम्ही हाक मारा, मी ओ देईन. चुकले तर पुन्हा हाक मारा. माझं काय, मी शिकेन. फक्त मधूला कसं सांगायचं, तेवढं मला कुणीतरी सांगा."

"त्याला काय कळतंय," मावशी म्हणाली, पण हलक्या आवाजात.

"एकच शब्द कळतो. तेच सांगतेय." मंदानं मागे हात नेऊन मधूच्या डोक्यावर ठेवला. "तुम्हाला त्या शब्दाचा काय अर्थ लागतो ते मला माहीत आहे मावशी. मीही मराठीच शिकले. गल्लीतली पोरं का हसतात ते कळतं. शाळेत साहेब का हसले तेही कळलं. यांना वाटतं, मला कळलं नाही."

श्रीपादनं मान वर केली.

"मधूला यातलं काही माहीत नाही. त्याला ताप आला, कुत्रं अंगावर धावलं, दिवे गेले, तो एकच हाक मारतो. त्याच्या लेखी मंदा म्हणजे हाक मारली की जी येते, ती. मी उद्यापासून मेघना झाले तर तुम्ही सगळे मला मेघना म्हणाल. मग हळूहळू तो शब्द या घरातून जाईल. त्याच्या कानावर पडणार नाही आणि तो विसरेल. त्याला तो यायला पाच वर्षं लागली. दुसरा कधी येईल, येईल की नाही, मला माहीत नाही. एवढ्यासाठी मला तो टाकवत नाही."

मधूला आपलं नाव ऐकू आलं असावं. तो वळून आईच्या खांद्यावरून बाळाकडे बघायला लागला.

कुमुदिनी त्या दोघांकडे बघत राहिली. नवं लुगडं नेसावं तसं नाव घ्यावं, असं आपण किती सहज म्हणालो. इथे ही बाई लोकांच्या हसण्यासकट ते नाव रोज अंगावर घेत होती, आणि का घेत होती हे तिनं आजवर कुणाला सांगितलंही नव्हतं. सांगावं लागेल असं तिला वाटलंच नसावं.

अण्णा झोपाळ्यावरून उठले. त्यांचे गुडघे दुखत, उठायला वेळ लागायचा. मंदापाशी येऊन ते उभे राहिले.

"मंदा, चहा टाकशील?" ते म्हणाले.

"टाकते अण्णा."

"आणि शालन, हा विषय या घरात पुन्हा नको."

सगळे पांगले तरी श्रीपाद दाराशीच उभा होता. मंदा बाळाला घेऊन त्याच्या समोरून जाऊ लागली तसा तो म्हणाला, "मी त्या दिवशी शाळेत बोलायला हवं होतं."

"हो," मंदा म्हणाली. "हवं होतं." आणि बाळाला त्याच्या हातात देऊन ती चहा टाकायला गेली.

*

बाळाला कुंची बांधताना कुमुदिनीनं विचारलं, "नाव तरी सांग आता. पाहुण्या येतील."

"उमा."

"उमा?" कुमुदिनीला जरा नवल वाटलं. आजूबाजूला सगळ्या श्वेता नि पल्लवी होत होत्या. "देवाचंच ठेवायचं म्हणून का?"

"तसं काही नाही." मंदा लाजल्यासारखी हसली. "मी पोटुशी असताना मधूसमोर बसून सगळी नावं म्हणून बघितली. केतकी झालं, पल्लवी झालं. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघायचा. उमाला त्याचे ओठ हलले. आवाज नाही निघाला, पण ओठ मिटले म च्या जागी. मी बघितलं. म्हटलं, भावाला बहिणीला हाक तरी मारता आली पाहिजे."

कुमुदिनीनं कुंचीची गाठ नीट बांधली. मग ती उगीचच सोडून पुन्हा एकदा बांधली.

बाहेर घुगऱ्यांची ताटं मांडताना तिनं मालिनीला हळूच विचारलं, "वहिनी, मी तुम्हाला अंजना म्हणू का? कधीमधी?"

मालिनीनं जरा विचार केला. "आता नको," ती म्हणाली. "आता मालिनीचीच सवय झाली. पण विचारलंत ते बरं वाटलं."

बायका जमल्या. पाळणे म्हणून झाले. वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याखालून वरून फिरवून झाला, मग बाळ फिरलं. पाळण्याखालून बाळ घ्यायला स्वतः शालनमावशी बसली होती, कमरेचं दुखणं विसरून. सखूही मुलीला घेऊन दाराशी उभी होती. मावशीनं तिला बघितलं, जराशी घुटमळली, आणि मग आत बोलावून तिच्या ओटीत घुगऱ्या घातल्या.

नाव सांगायची वेळ आली. कुमुदिनी पाळण्यापाशी गेली आणि थांबली. मधू खांबाला धरून उभा होता. गर्दीत त्याला पुढे आणायचं नाही, असं घरात न बोलता ठरल्यासारखं होतं. कुमुदिनीनं जाऊन त्याचा हात धरला आणि त्याला पाळण्यापाशी आणलं.

"आज आम्ही दोघं सांगणार," ती म्हणाली.

ती वाकली, त्यालाही वाकवलं. एवढ्या बायका बघून तो बावरला होता. त्याचे ओठ घट्ट मिटलेले. कुमुदिनी थोडा वेळ थांबली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मंदा समोर पाटावर बसली होती, तिनं त्याला खूण केली नाही की काही म्हटलं नाही. शेवटी कुमुदिनीनंच बाळाच्या कानात 'उमा' म्हटलं. रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि कुणीतरी मधूच्याही पाठीवर हळूच एक घातला. मालिनीनं. मधूला हा खेळ वाटला, तो खदखदून हसला.

*

सहा-साडेसहाला घर रिकामं झालं. मागच्या अंगणात मंदा नि सखू मोठी पातेली घासायला बसल्या होत्या. मंदाला उठवायचा सगळ्यांनी प्रयत्न केला, ती उठली नाही. शालनमावशी अंग टाकून पडली होती. कुमुदिनी निघायच्या तयारीत चपला शोधत होती.

पाळण्यात बाळ रडायला लागलं. आधी कुरकुर, मग जोरात. कुमुदिनी वळणार तेवढ्यात तिला पाळण्याची दोरी धरून उभा असलेला मधू दिसला. तो बाळाकडे बघत होता आणि रडणं थांबत नाही म्हणून त्याचा चेहरा कासावीस झाला होता.

"मंदा," त्यानं नेहमीची हाक मारली.

अंगणात पातेल्यांचा आवाज चालू होता, त्यात ती विरून गेली. मालिनी स्वयंपाकघरातून पुढे यायला निघाली. कुमुदिनीनं हातानंच तिला थांबवलं. का थांबवलं, तिलाही सांगता आलं नसतं.

मधू पुन्हा पाळण्यात वाकला. वर आला. त्याचे ओठ पुढे झाले, मिटले, उघडले, परत मिटले. मान ताणली गेली. गालावर लाली चढली. आणि मग आवाज आला, घोगरा, अर्धा नाकातून, पण स्वच्छ.

"मंदा. उमा."

सात वर्षांत त्यानं दोन शब्द एकापुढे एक कधी ठेवले नव्हते.

अंगणातला पातेल्यांचा आवाज थांबला. शालनमावशी उठून बसली होती. मागच्या दारात मंदा आली, कोपरापर्यंत राखेनं भरलेले हात तसेच. ती उंबऱ्यात क्षणभर उभी राहिली, मधूकडे बघत.

"आले रे," ती म्हणाली, आणि हात धुवायला वळली.